येतोय की जातोय

गुणवंत पाठारेला माणूस रंगवायचा होता आणि नशिबानं त्याच्या हातात नऊ वर्षं अक्षरं दिली होती. टायपिंग सेंटर, फ्रेश चिकन, जेन्ट्स सलून, लेडीज टेलरिंग. दुबईच्या अल कुसैसमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. रस्त्यानं जाताना बायको सुचित्रा कौतुकानं बोट दाखवी, "अहो, ती तुमची ना?" आणि हा गृहस्थ मान फिरवून भलतीकडे बघे. 'फ्रेश चिकन'वरची कोंबडीसुद्धा त्याला काढायला मिळाली नव्हती. ती छापील आली होती, त्यानं फक्त शेजारी नाव लिहिलं. हे दुःख तो सुचित्राला महिन्यातून एकदा तरी ऐकवत असे.

पुण्यात तो शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यानं शेकड्यानं पोरं बसवली, आणि स्मरणचित्राच्या तासाला तर त्याच्या अंगातच येई. फळ्याचे दोन भाग करून तो दोन माणसं काढायचा. "हा गावाला निघालाय आणि हा घरी आलाय. फरक सांगा!" पोरं म्हणायची पिशवी, छत्री, घाम. "चूक! दिशा!" मास्तर गरजायचा. "वाचताना आपली नजर डावीकडून उजवीकडे चालते. चित्र बघतानाही तशीच चालते. जो माणूस नजरेच्या बरोबर चालतो, तो आपल्याला सोडून निघाला. जो उजवीकडून येऊन नजरेला समोरासमोर भेटतो, तो आला. परतणारा माणूस नेहमी उजवीकडून आणायचा. लिहून घ्या!" पोरं लिहून घ्यायची. ती आता बँकांत आणि इन्शुरन्स कंपन्यांत चिकटली असतील, पण नियम विसरली नसतील. मास्तर तेवढ्या मोठ्यानं ओरडायचा.

शाळा विनाअनुदानित, पगार आज ना उद्या. म्हणून १९८९ साली तो दुबईला आला. व्हिसावर 'आर्टिस्ट' असं लिहिलं होतं. ते वाचून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. वर्कशॉपमध्ये पोचल्यावर त्याच्या हातात एनॅमल पेंटचे दोन डबे आणि एक पट्टी दिली गेली.

तिथे त्याचा जोडीदार होता यूनुस. लखनौचा माणूस, अरबी सुलेखनात हात बसलेला, बोलणं अत्तरासारखं. दुबईत प्रत्येक पाटीवर अरबी आणि इंग्रजी दोन्ही हवं. लांबलचक पाटी जमिनीवर आडवी टाकायची, यूनुसनं उजव्या टोकाला बसून अरबी सुरू करायचं, गुणवंतनं डाव्या टोकाला इंग्रजी, आणि दोघांनी सरकत सरकत मध्ये यायचं. मध्यावर गुडघ्याला गुडघा लागला की चहा. नऊ वर्षांत या दोघांनी अशा किती पाट्या आणि किती चहा संपवले याची मोजदाद नाही.

अठ्ठ्याण्णव साली वर्कशॉपमध्ये व्हिनाइल, म्हणजे चिकटणारं प्लास्टिक कापायचं मशीन आलं. मॅनेजर मुरलीधर सावे, मूळचा ठाण्याचा. त्यानं मशीनला हार घातला आणि नारळ फोडला. संगणकावर अक्षर टाइप करायचं, बटण दाबायचं, अक्षर कापून बाहेर. आर्टिस्टनं काय करायचं? तर चिमटा घेऊन 'ओ'च्या पोटातला आणि 'ए'च्या काखेतला नको असलेला तुकडा सोलून काढायचा. माणसाच्या हाताची यापेक्षा मोठी चेष्टा कुणी केली असेल असं वाटत नाही.

त्याच नोव्हेंबरात अबू सैफ आले.

अबू सैफ म्हणजे सत्तरीचे, काठी टेकत चालणारे, वर्कशॉपचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. त्यांच्या सगळ्या इमारतींच्या पाट्या इथूनच जात. मिर्दिफला त्यांनी नवा व्हिला बांधला होता आणि त्यातल्या मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या भिंतीवर त्यांना वडिलांचं चित्र हवं होतं. वडील समुद्रात बुड्या मारून मोत्यांचे शिंपले काढायचे. उन्हाळ्याचे चार महिने नावेवर, मग घरी. त्यांचा फोटो नव्हता. त्या काळी इथे कॅमेरा होताच कुणाकडे?

"मशीनवर छान कापून निघेल," मुरलीधर म्हणाला. म्हाताऱ्यांनी काठी जमिनीवर आपटली. त्यांना हातानं काढलेलं हवं होतं.

मुरलीधरनं इकडे तिकडे पाहिलं. गुणवंत कोपऱ्यात 'ओ'चं पोट सोलत होता.

"गुणवंतराव, जमेल का हो तुम्हाला माणूस..."

"हो," गुणवंत म्हणाला. प्रश्न अजून पुरा व्हायचा होता.

मुरलीधरनं त्याला नंतर बाजूला घेतलं. "हे बघा, क्लिअर सांगतो. अबू सैफांच्याच हॉटेल अपार्टमेंट्सचं काम येतंय. बारा फ्लोअर. हे चित्र पसंत पडलं तर तिथली सगळी चित्रं तुमची, तुम्ही आर्टिस्ट म्हणून राहाल. नाही पडलं तर ईदनंतर फुलटाइम मशीनवर. मग पुन्हा ब्रशचं नाव काढायचं नाही. खलास."

गुणवंतला 'खलास' ऐकूच गेलं नाही. त्याच्या डोक्यात माणूस उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी यूनुसला दुभाष्या म्हणून घेऊन तो अबू सैफांसमोर वही उघडून बसला. कोणता दिवस काढायचा? म्हातारे लगेच म्हणाले, परत आल्याचा. नावा किनाऱ्याला लागल्या की बायका डफ वाजवत आणि पोरं पाण्यापर्यंत धावत सुटत. वडील वाळूतून चालत घराकडे येत, तो क्षण.

"चेहरा कसा होता?"

अबू सैफांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते यूनुसनं हळू आवाजात हिंदीत केलं. "कहते हैं, चेहरा याद नहीं। आठ बरस के थे। पाँव याद हैं, नमक से फटे हुए। और हाथ।"

"डोक्याच्या फडक्याची सावली टाकतो चेहऱ्यावर," गुणवंत म्हणाला. "मला पाय आणि हात पुरेत. आणि उजव्या तळहातावर एक मोती ठेवू. असा चमकणारा!"

यूनुसनं भाषांतर केलं आणि म्हातारे खो खो हसले. मोती? मोती नावेच्या मालकाचा! आमच्या घरात मोती कधी आलाच नाही. वडील येताना आईसाठी हिरव्या कापडाचा तुकडा आणायचे, घडी घातलेला, छातीशी धरून, खारं पाणी लागू नये म्हणून.

गुणवंतनं मोती खोडला. खोडताना त्याला लाज वाटली आणि त्याच वेळी आनंदानं ओरडावंसं वाटलं. हिरवं कापड! सगळं चित्र वाळूच्या, मिठाच्या, उन्हानं करपलेल्या कातडीच्या रंगाचं, आणि छातीशी एवढासाच हिरवा चौकोन. माणूस चार महिने पाण्याखाली कुणासाठी बुड्या मारत होता हे त्या चौकोनात आलं, आणखी काही लिहायची गरजच नाही.

"तेव्हा तुम्ही केवढे होता? वडिलांच्या कुठपर्यंत यायचा?" त्यानं विचारलं. अबू सैफांनी काठी कमरेशी आडवी धरून दाखवली. इथपर्यंत.

झालं! गुणवंत ताडकन उठला. क्षितिजाची रेघ कमरेशी ठेवायची. आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. म्हणजे समुद्र खाली राहील, पाय जवळ येतील आणि वरचा सगळा माणूस आभाळात उभा राहील, पोरांना बाप दिसतो तसा. मजलिसमध्ये सगळे जमिनीलगतच्या गाद्यांवर बसतात, चित्रही खाली लावायचं, म्हणजे बघणारा आपोआप पोर होऊन बसेल. हे तो मराठीत, हिंदीत आणि हातवाऱ्यांत एकदमच सांगत सुटला. यूनुसनं भाषांतराचा नाद सोडला. अबू सैफांना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यल्ला." म्हणजे चला, लागा कामाला.

सहा फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास, तैलरंग, चांगले ब्रश. "साडेतीनशे दिरहम? म्हणजे चार हजार रुपये!" सुचित्रा उद्गारली. कंपनीचे आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. सहा आठवडे गुणवंत जमिनीवर चालत नव्हता. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बोटांच्या सांध्यांकडे बघत बसे. बिल्डिंगमधला रॉबिन, वसईचा, एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन. त्याला त्यानं बूट काढायला लावून त्याच्या टाचा वहीत काढून घेतल्या. "दादा, बारा तास उभं राहून झालेल्या टाचा आहेत, फुकट नाही देणार," रॉबिन म्हणाला, आणि एक संपूर्ण शुक्रवार टाचा दाखवत उभा राहिला.

चित्र झालं. कॅनव्हासच्या उजव्या कडेला नावेची शिडं, डावीकडे झावळ्यांच्या झोपडीची सावली, आणि मधोमध, जरा डावीकडे झुकून, उजवीकडून डावीकडे चालत येणारा माणूस. जवळच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, गळ्यात बुडी मारताना नाकाला लावायचा चिमटा दोरीनं लोंबतोय, पलीकडच्या उजव्या हातात छातीशी हिरवं कापड. खालच्या कोपऱ्यात, वाळूत, बारीक अक्षरांत 'गुणवंत'. मुलगी ईश्वरी तेरा वर्षांची, तिचं बोलणं सगळं शाळेतल्या इंग्रजीत. तीसुद्धा टीव्ही सोडून वर्कशॉपला आली, बघत राहिली आणि म्हणाली, "वॉव बाबा, ही इज ऑलमोस्ट होम."

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात चित्र मिर्दिफला नेलं. अबू सैफ गादीवर बसले होते. कापड काढलं. गुणवंत त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि तोंडावरचं हसू त्याच्या डोळ्यांदेखत विझलं. म्हाताऱ्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग मान खाली घातली. एकच वाक्य बोलले आणि आत निघून गेले.

"काय म्हणाले?" मुरलीधरनं विचारलं. यूनुस कापडाची घडी घालू लागला. "अरे बोल ना!"

"कह रहे हैं," यूनुस कसाबसा म्हणाला, "ये वो दिन नहीं है। ये वो दिन है जब अब्बा आख़िरी बार गए थे।"

मोत्यांच्या सहा मोसमांतून वडील परतले होते. सातव्या मोसमाला गेले ते गेलेच, तेव्हा अबू सैफ आठ वर्षांचे होते. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"पण तो येतोय!" गुणवंत ओरडला. "अरे यूनुस, तू सांग त्यांना, तो येतोय! घर इकडे आहे, नाव तिकडे आहे!"

यूनुसनं चित्राकडे पाहिलं. चेहऱ्यावर संकोच. "मास्टरजी, बुरा मत मानिएगा। सच पूछिए तो मुझे भी जाते हुए ही लगे। वो साया मैंने समझा किसी और गाँव का है। आपसे कहने की हिम्मत नहीं हुई।"

गुणवंतच्या पायाखालची वाळू सरकली, पण तो रडत बसणारा मास्तर नव्हता. त्याच्या नाकावर राग आला. त्यानं चित्राचे पोस्टकार्डाएवढे फोटो काढून आणले आणि संध्याकाळी, रोजे सुटल्यावर, अल कुसैसच्या रस्त्यावर उतरला. दिसेल त्याच्यासमोर फोटो धरायचा आणि एकच प्रश्न, "आ रहा है या जा रहा है?" कागदावर दोन रकाने केले होते.

सुचित्रा म्हणाली, येतोय. रॉबिन म्हणाला, येतोय, डबल शिफ्ट करून येतोय, टाचा ओळखू नको का! कॅफेटेरियातला मल्याळी म्हणाला, आ रहा है, सर, चाय? गुणवंतला जोर चढला. मग पेशावरचा शिंपी म्हणाला, जा रहा है, उस्ताद. औषधाच्या दुकानातला इजिप्शियन चष्मा पुसून म्हणाला, गोइंग. किराणावाला इराणी म्हणाला, रफ्त, गया. सुचित्राच्या ऑफिसातली शहनाझ कराचीची. तिनं उसासा टाकून सांगितलं, "हाय, बेचारे जा रहे हैं, कपड़ा भी साथ ले जा रहे हैं।" लॉन्ड्रीवाला म्हणाला, खडा है, आणि इस्त्री फिरवायला लागला. त्याचं नाव कुठल्या रकान्यात घालावं हे गुणवंतला समजेना.

"अहो, पुरे करा आता, लोक हसतायत," सुचित्रा म्हणाली. पण गुणवंतला हसण्याचं सोयरसुतक नव्हतं. एकाच माणसाला निम्मं गाव आणतंय आणि निम्मं गाव घालवतंय, हे काय गौडबंगाल आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाची हातानं लिहायची पाटी आली. मशीनवर भरवसा नसलेली अशी दोन-तीन शहाणी माणसं अजून शिल्लक होती. पाटी जमिनीवर टाकली. यूनुस उजव्या टोकाला, गुणवंत डाव्या टोकाला. गुणवंतनं पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं, आणि सहज मान वर केली. यूनुस ब्रश टेकवून त्याच्याकडे सरकत येत होता. उजवीकडून डावीकडे, नऊ वर्षं यायचा तसा.

गुणवंतचा ब्रश हवेतच राहिला. त्यानं खिशातला रकान्यांचा कागद काढला. सुचित्रा, रॉबिन, मल्याळी: येतोय. शिंपी उर्दू वाचणारा, शहनाझ उर्दू, इजिप्शियन अरबी, इराणी फारसी: जातोय.

"यूनुस! तू चित्र कुठून बघतोस?"

"जी? यहीं से, सामने से..."

"तसं नाही रे! शुरू कहाँ से करते हो? डोळा! आँख! पहिल्यांदा कुठे पडतो?"

यूनुसनं कोपऱ्यात परत आणून ठेवलेल्या चित्राकडे पाहिलं आणि बोट केलं. नावेकडे. उजव्या कडेला. "फिर इनके साथ-साथ चलते हैं, उधर..."

"साथ-साथ!" गुणवंत पाटीवर उभा राहिला, शब्दशः पाटीवर, ओल्या रंगात. "नजरेच्या बरोबर चालतो तो निघाला! मी सांगितलंय, मीच सांगितलंय, हजार पोरांना लिहून दिलंय! वाचतो तशी नजर चालते! आणि मी गाढव, नऊ वर्षं तुझ्यासमोर बसून पाट्या लिहितोय आणि एकदाही मला विचारावंसं वाटलं नाही की तुझी नजर कुठून निघते!" त्यानं यूनुसला मिठी मारली. पाटी वाया गेली, यूनुसचा सदरा वाया गेला, मुरलीधर केबिनमधून धावत आला आणि गुणवंतनं त्यालाही मिठी मारली.

अबू सैफ दुसऱ्यांदा बघायला तयार झाले ते यूनुसच्या शब्दावर. ईदच्या आधी तीन दिवस, त्यानंतर नाही. हातात दिवस उरले होते अठरा. तैलरंग वाळायला तेवढे पुरत नाहीत, म्हणून ॲक्रिलिक. रमजानमुळे दोनला सुट्टी व्हायची, ती त्याच्या पथ्यावर पडली. रोज दुपारी रिकामं वर्कशॉप, उंच खिडकीतून येणारा उजेड आणि नवा कोरा कॅनव्हास.

आधी त्याला वाटलं, नुसतं उलटं करायचं, त्यात काय! पण उलटं केल्याबरोबर कापड डाव्या हातात गेलं. बायकोला आणलेली वस्तू कुणी डाव्या हातानं देतं का? इथेही नाही आणि आपल्याकडेही नाही. त्यानं माणूस पुन्हा पहिल्यापासून मांडला. तो आता डावीकडून उजवीकडे चालू लागला, म्हणजे त्याची उजवी बाजू बघणाऱ्याकडे आली, आणि गंमत अशी की पहिल्या चित्रात पलीकडे दडलेला उजवा हात आता सगळ्यांत पुढे आला. दोराचं वेटोळं मागच्या खांद्यावर गेलं, वाट मोकळी झाली. फुटलेली नखं, मिठानं पांढरे पडलेले सांधे आणि त्यांत जपून धरलेलं हिरवं कापड थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. "अरे, पहिलं चित्र चुकलंच होतं!" गुणवंत स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. "नुसतं त्यांच्या डोळ्यांना नाही, माझ्याही हिशेबानं चुकलंच होतं!" तो हसत सुटला आणि टेबलावर तबला वाजवू लागला.

पण एक गोष्ट त्याला छळत होती, आणि ती कुणालाच समजण्यासारखी नव्हती. हा दुसरा माणूस गुणवंतला स्वतःला जाताना दिसत होता. रंगवावं, मागे सरकून बघावं, तर तो निघालेलाच. सुचित्रा डबा घेऊन आली, तर चित्र पाहून म्हणाली, "का हो, हा कुठे चाललाय?" गुणवंतनं डबा न उघडताच बाजूला ठेवला. पंचवीस वर्षं ज्या डोळ्यांच्या भरवशावर हात चालला, त्या डोळ्यांवर या एका कामात विश्वास ठेवायचा नव्हता. ब्रशचा प्रत्येक फटकारा परक्या नजरेवर सोडायचा. तो यूनुसला रोज विचारी, आणि रोजा धरलेला, तहानेनं ओठ सुकलेला यूनुस रोज न चिडता चित्रापुढे उभा राही.

"आ रहे हैं?"

"आ रहे हैं, मास्टरजी।"

"पक्का?"

"थोड़ा तेज़ आ रहे हैं। थके हुए आदमी हैं, क़दम भारी कीजिए।"

गुणवंतनं पाऊल जड केलं. टाच वाळूत आणखी बोटभर रुतवली. एकदा त्यानं उजव्या कडेला हात ठेवून, यूनुससारखी नजर तिकडून सुरू करून बघण्याचा प्रयत्न केला, आणि क्षणभर, पापणी लवायच्या आत, माणूस त्याच्याकडे आला. मग पुन्हा गेला. तेवढ्यानंसुद्धा त्याच्या अंगावर काटा आला आणि पुढचे तीन दिवस त्याला भूक लागली नाही. सुचित्राला वाटलं, यानंही रोजे धरले.

दिलेल्या दिवशी चौघं मिर्दिफला गेले. गुणवंत, यूनुस, मुरलीधर आणि गाडीचा ड्रायव्हर. चित्र भिंतीवर खाली, गादीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असं ठोकलं. गुणवंत हातोडी हातात घेऊन तसाच खाली गालिच्यावर टेकला. मुरलीधर त्याच्या शेजारी बसून कुजबुजला, "इन्शाल्ला, गुणवंतराव, इन्शाल्ला." नारळ फोडणारा माणूस, पण वेळ पडली की सगळं आठवतं.

अबू सैफ दोन मुलांबरोबर आले आणि आपल्या जागी, बैठकीच्या वरच्या कोपऱ्यात बसले. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची ती जागा. काठी आडवी ठेवली. यूनुसनं कापड ओढलं.

गुणवंतला बघवेना. त्यानं नजर गालिच्यात खुपसली. एसीचा आवाज तेवढा येत होता. त्यानं मनातल्या मनात मशीनवरचा चिमटा हातात घेऊन पाहिला, तो हाताला थंडगार लागला. शेवटी न राहवून त्यानं मान वर केली.

अबू सैफ रडत नव्हते, हसतही नव्हते. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला आणि ते उठायला लागले. थोरला मुलगा सावरायला पुढे झाला, तर त्याचा हात त्यांनी बाजूला सारला. काठी न घेताच ते उभे राहिले. डोक्यावरचं कापड सरळ केलं. दोन्ही मुलं पटकन उभी राहिली. यूनुस उभाच होता, त्यानं हात पुढे बांधून मान झुकवली. मग अबू सैफ एक पाऊल बाजूला सरकले आणि कोपऱ्यातली आपली जागा त्यांनी रिकामी केली.

कुणी तरी मोठं माणूस आत आलं असणार, म्हणून गुणवंतनं वळून दाराकडे पाहिलं.

दारात कुणीच नव्हतं.

त्यानं हातोडी खाली ठेवली, आणि तोही उभा राहिला.